वॉटरप्रूफ फिटनेस ट्रॅकर निवडताना: पाऊस, विहीर, तलाव आणि मनगटावरचे ठोके

बेळगावच्या गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात कुठल्याही दुकानात घड्याळ हातात घेतलं की एक वाक्य ठरलेलं असतं: "वॉटरप्रूफ हाय की, बिनधास्त घाला." हे वाक्य हजार रुपयांच्या घड्याळालाही लागतं आणि पंधरा हजारांच्याही. त्यामुळे ते ऐकून घ्यावं आणि डबा मागून घ्यावा. पाण्याचा प्रश्न डब्यावरच्या बारीक अक्षरांत सुटतो, ठोक्यांचा प्रश्न मनगटावर बांधून बघितल्यावर. रंग, पट्टे, शंभर खेळांचे मोड यांच्याकडे नंतर बघता येईल.

आधी पाणी कोणतं ते ठरवा

आपल्या भागात मनगटाला भेटणारं पाणी एका जातीचं नाही. जुलैत कणकुंबी-जांबोटीकडे दिवसभर कोसळणारा पाऊस, भांडी घासताना उडणारं साबणाचं पाणी, बंबातलं कढत पाणी, उन्हाळ्यात विहिरीत मारलेला मुटका, गोवावेसच्या तलावातलं क्लोरीन, चोर्ल्यातून गोव्याला किंवा कारवारला गेल्यावरचा समुद्र. घड्याळाला यातलं प्रत्येक पाणी वेगळं लागतं.

पाऊस हा यात सगळ्यात सौम्य. तो कितीही जोराचा असो, काचेवर दाब म्हणावा असा पडत नाही. रेनकोट घालून दुचाकीवरून खानापूर-बेळगाव जा-ये करणाऱ्याला साधं आयपी६७ (एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारं) घड्याळसुद्धा पुरतं.

विहिरीचं गणित वेगळं. पाच मीटर उंच काठावरून उडी मारली की पाण्याला टेकताना वेग सेकंदाला सुमारे १० मीटर होतो. नुसत्या त्या वेगामुळे काचेवर येणारा दाब जवळजवळ पाच मीटर खोल पाण्याइतका असतो, आणि आपटण्याचा पहिला दणका त्याहून मोठा. आयपी६७ची चाचणी एक मीटर खोलीवर, तीही स्थिर पाण्यात होते. विहिरीत पोहणाऱ्यांची घड्याळं पहिल्याच उन्हाळ्यात का जातात, हे यावरून कळेल. उलट, पोहताना हात मारल्यामुळे दाब फार वाढतो असं जे सांगितलं जातं, ते उगाच फुगवलेलं आहे. हाताचा वेग सेकंदाला तीन मीटर धरला तरी अर्ध्या मीटरपेक्षा कमी खोलीची भर पडते. नुकसान करतात ते उडी, सूर आणि जोराची धार.

धारेवरून आठवण: शेतातल्या मोटरीच्या पाइपाचं तोंड, गाडी धुण्याचा प्रेशर पंप आणि बाथरूममधला हँड शॉवर जवळून सोडणं, हे तिन्ही बुडवण्यापेक्षा वाईट असू शकतं. बुडवण्याची चाचणी पास झालेलं घड्याळ धारेची चाचणी पास झालेलंच असतं असं नाही. त्या दोन वेगळ्या चाचण्या आहेत.

आणि गरम पाणी. अंघोळीला घड्याळ काढून ठेवा, मग त्याच्यावर काहीही लिहिलेलं असो. बहुतेक चाचण्या साध्या तापमानाच्या स्वच्छ पाण्यात होतात. कढत पाण्याने आतली हवा फुगते, रबरी सील सैल पडतं, आणि नंतर गार पाणी पडलं की हवा आकसून बाहेरचा ओलावा आत ओढला जातो. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, म्हणजे जिथे साधं पाणी शिरणार नाही तिथे साबणाचं शिरतं. पाठीवरच्या पंपाने औषध मारायला जातानाही घड्याळ घरी ठेवावं, कारण त्यातली रसायनं सील खातात.

डब्यावरचे आकडे कसे वाचायचे

दोन पद्धतीचे आकडे दिसतील. एक 'आयपी' आणि पुढे दोन अंक, दुसरा 'एटीएम'.

आयपीतला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ आत जात नाही. निपाणीकडे तंबाखूच्या भुकटीत काम करणाऱ्यांनी हा अंक जरूर बघावा. दुसरा अंक ५ असेल तर धार सोसतो (चाचणीत मिनिटाला साडेबारा लिटरची धार), ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि ८ असेल तर त्याहून कडक अटीत, पण त्या अटी कंपनी ठरवते. म्हणून नुसतं 'आयपी६८' वाचून थांबू नका. शेजारी किंवा माहितीपत्रकात 'दीड मीटर, ३० मिनिटं' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते नसेल तर ते घड्याळ पावसापुरतं धरा.

एटीएम हा दाबाचा आकडा आहे. एक एटीएम म्हणजे दहा मीटर पाण्याचा दाब, पाच एटीएम म्हणजे ५० मीटर. याचा अर्थ ५० मीटर खोल जाता येईल असा नाही. तो प्रयोगशाळेत, नव्या घड्याळावर, स्थिर स्थितीत दिलेला दाब असतो. व्यवहारात त्याचा अर्थ असा: तीन एटीएम म्हणजे पाऊस आणि हात धुणं निर्धास्त, पाच एटीएम म्हणजे तलावात पोहणं, विहिरीत पोहणं. खोल बुडी मारणाऱ्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे स्वतंत्र मानक आहे, आपल्याला त्याची गरज नाही.

थोडक्यात, पोहणार असाल तर डब्यावर '५ एटीएम' किंवा '५० मीटर' हवंच. पोहणार नसाल तर आयपी६८ पुरे, आणि वाचलेले पैसे चांगल्या सेन्सरवर घाला.

नाव नवं म्हणजे पाणी जास्त सोसेल, असंही समजू नका. अमेझफिटच्या बिप मालिकेत जुन्या बिप यूला पाच एटीएम होतं, नंतरच्या बिप ५ला आयपी६८ आहे. सॅमसंग गॅलेक्सी फिट३वर पाच एटीएम आणि आयपी६८ दोन्ही आहेत. मॉडेलचं पूर्ण नाव घालून कंपनीच्या साइटवरच खात्री करा. विक्रीच्या साइटवर शीर्षकात 'वॉटरप्रूफ' आणि खाली तपशिलात 'आयपी६७' हा प्रकार रोजचा आहे.

ठोके मोजणारा दिवा

घड्याळ उलटं केलं की हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातलं रक्त क्षणभर वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि शेजारचा सेन्सर ती चढउतार मोजतो. एवढंच तंत्र. त्यामुळे दिवा आणि कातडी यांच्या मध्ये जे काही येईल ते आकडा बिघडवतं: सैल पट्टा, बाहेरचा उजेड, पाण्याचा थर, दाट केस. आणि गोंदण. आपल्याकडे बऱ्याच आज्या-मावश्यांच्या हातावर मनगटापासून वरपर्यंत गोंदण असतं. त्या शाईवर घड्याळ बांधलं तर आकडा येतच नाही किंवा भलताच येतो. गोंदण नसलेला हात निवडा; दोन्ही हातांवर असेल तर दंडावर बांधायचा सेन्सर घ्या.

बांगड्यांचाही प्रश्न आहे. चुडा भरलेल्या हातात बांगड्यांच्या खाली घड्याळ बांधलं की बांगड्या त्यावर आपटतात, घड्याळ हलतं आणि काचेवर ओरखडे येतात. बांगड्या कमी असलेल्या हातात, किंवा बांगड्यांच्या वर कोपराकडे सरकवून बांधावं. हाताला गंडा किंवा दोरा असेल तर तो दिव्याखाली येऊ देऊ नका.

बांधायची जागा: मनगटाचं बाहेरचं हाड चाचपून बघा, त्याच्या वर दोन बोटं सोडून. व्यायामाला पट्टा इतका घट्ट की घड्याळ सरकवलं तर कातडीही सोबत सरकेल, पण बोटं बधिर होणार नाहीत. नंतर एक भोक सैल करा.

धावणाऱ्यांना एक चूक हमखास दिसते. हलकं जॉगिंग सुरू केलं की मिनिटभरात आकडा १६५-१७० वर जातो आणि तिथेच सपाट राहतो. दम तर लागलेला नाही. इथे घड्याळ ठोके नव्हे, पावलं मोजत असतं. धावताना मिनिटाला साधारण १६० ते १८० पावलं पडतात आणि त्या हिसक्यांना सेन्सर ठोके समजतो. थांबा, घड्याळ वर सरकवा, पट्टा आवळा, पुन्हा सुरू करा. तरीही तसंच होत असेल तर हात बदला.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालायला जाणाऱ्यांचे पहिल्या पाच-दहा मिनिटांचे आकडे धरूच नयेत. थंडीने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, दिव्याला बघायला रक्तच कमी मिळतं. स्वेटरची बाही घड्याळावरून ओढून घेतली तर फरक पडतो. पाण्यात हीच अडचण दुप्पट: गारठा आणि मध्ये शिरणारं पाणी. पोहताना मनगटावरच्या ठोक्यांवर विसंबू नका. फेऱ्या आणि वेळ मोजायला घड्याळ चांगलं.

तालमीतल्या पोरांसाठी वेगळं सांगायला हवं. करेल (लाकडी मुदगल) फिरवताना, गदा उचलताना मूठ आवळली जाते, मनगटाचे स्नायू ताठ होतात आणि तिथला रक्तप्रवाह दबतो. महागातल्या महाग घड्याळाचाही आकडा अशा वेळी घसरतो. नेमके ठोके हवे असतील तर छातीचा पट्टा घ्या, तो हृदयाचे विद्युतसंकेत वाचतो. पण पट्टा ब्लूटूथवर चालतो आणि ब्लूटूथ पाण्यात काही सेंटीमीटरच जातं, म्हणून पोहण्यासाठी नोंद स्वतःत साठवून ठेवणारा पट्टा लागतो. आणि कुस्ती खेळताना मनगटावर काहीच नको. माती जाईल ते जाईल, समोरच्याला लागेल.

आकड्यांचं काय करायचं

बसल्या जागी मोठ्या माणसाचे ठोके साधारण ६० ते १०० असतात. नियमित व्यायाम करणाऱ्यांचे त्याहून कमी असू शकतात. कमाल ठोक्यांचा ढोबळ हिशोब २२० वजा वय. पन्नाशीच्या माणसाचे १७०. चालण्याचा मध्यम व्यायाम या कमालीच्या ६४ ते ७६ टक्क्यांत बसतो, म्हणजे १०९ ते १२९. घड्याळाचे झोन याच हिशोबावर बसवलेले असतात, म्हणून ॲपमध्ये जन्मतारीख खरी टाका. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशा गोळ्या सुरू असतील तर ठोके मुद्दाम कमी ठेवलेले असतात. तिथे हे सूत्र लागू पडत नाही. आपली मर्यादा डॉक्टरांकडून लिहून आणा आणि ॲपमध्ये हाताने भरा. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, आणि घड्याळ ७८ दाखवतंय, अशा वेळी घड्याळ बाजूला ठेवून १०८ला फोन करायचा.

रक्तदाब आणि साखर दाखवणाऱ्या स्वस्त घड्याळांबद्दल स्पष्ट सांगतो: घेऊ नका. सुई न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. रक्तदाब मोजणारी काही नामांकित घड्याळं आहेत, पण ती आधी दंडाला पट्टा बांधायच्या यंत्राशी जुळवून घ्यावी लागतात. जुळवणी न मागता जे लगेच १२०/८० दाखवतं, ते टॉवेलाच्या गुंडाळीवर बांधलं तरी तसंच काहीतरी दाखवील. त्याच्या ठोक्यांच्या आकड्यावर तरी किती भरवसा ठेवणार?

दुकानात

मनगटाभोवती दोरा गुंडाळून पट्टीवर मोजून जा आणि डब्यावरच्या पट्ट्याच्या मापाशी ताडून बघा. बारीक मनगटावर मोठी तबकडी कडांना उचलली जाते आणि उजेड आत शिरतो. पट्टा सिलिकॉनचा घ्या. नायलॉनचा अंगाला मऊ लागतो, पण जुलैत जिथे दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे तो कायम ओला राहून कातडीला खाज आणतो. चामड्याचा तर नकोच.

डब्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) खूण आणि 'आर-'ने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक बघा. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो घातला की कोणत्या उत्पादकाच्या नावावर आहे ते कळतं. महागड्या घड्याळासारखी हुबेहूब दिसणारी हजार-बाराशेची 'अल्ट्रा' घड्याळं इथेच पकडली जातात.

मग घरच्यांना सांगून एक व्हॉट्सॲप मराठीत आणि एक कन्नडमध्ये मागवा. बऱ्याच घड्याळांत अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसतात, किंवा जोडाक्षरं तुटून येतात. आपल्याकडे घरचे निरोप मराठीत आणि हेस्कॉम या वीज कंपनीपासून शाळेपर्यंतचे कन्नडमध्ये येतात, तेव्हा दोन्ही तपासून घ्या.

जीपीएस स्वतःचं आहे की फोनचं वापरतं, हेही विचारा. 'कनेक्टेड जीपीएस' म्हणजे राजहंसगडावर चढताना फोन खिशात हवाच. बॅटरीचे १०-१४ दिवस हे बहुतेक वेळा ठोके अधूनमधून मोजण्याच्या हिशोबाने लिहिलेले असतात. ठोके सतत आणि स्क्रीन कायम सुरू ठेवली तर निम्मे धरा.

घरी आणल्यावर पहिला आठवडा

परत करायची किंवा बदलून घ्यायची मुदत ऑनलाइन खरेदीत बहुधा सात दिवसांच्या आसपास असते. सगळं तपासणं त्यातच उरका.

पहिल्या दिवशी चार्ज करून ॲप जोडा आणि अपडेट होऊ द्या. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या ॲपवरचं बंधन काढा, नाहीतर फोन ॲप बंद करतो आणि 'घड्याळ सारखं तुटतंय' अशी तक्रार सुरू होते.

दुसऱ्या दिवशी ठोके. पाच मिनिटं शांत बसा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी तर्जनी आणि मधलं बोट ठेवून नाडी ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. घड्याळाचा आकडा पाचच्या फरकात असावा. मग दोन मजले जिने चढून लगेच मोजा, आणि आणखी दोन मिनिटांनी पुन्हा. जिन्यानंतर थोडा जास्त फरक चालतो, पण तुमचे १२० असताना घड्याळ ८२वरच बसून राहिलं तर ते परत करा. ही तपासणी निदान तीन वेळा करा. एकदा जुळणं योगायोगही असू शकतो. केळ्यावर घड्याळ बांधून बघायचा खेळ इंटरनेटवर चालतो, त्यावरून काही ठरवू नका. चांगले सेन्सरही तिथे फसतात.

पाण्याची तपासणी शेवटी, आणि आकडा आयपी६७ किंवा त्याच्या वर असेल तरच. घड्याळाला कुठे तडा, उचललेली काच नाही हे बघून पातेलंभर साध्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा. बाहेर काढून पुसा, तासभर हातात घाला म्हणजे ते अंगाच्या उबेने गरम होईल. मग काचेवर गार पाण्याचा एक थेंब सोडून मिनिटभर थांबा आणि पुसून काचेखाली बघा. थेंबाच्या जागी आतून धुक्याचा डाग दिसला तर आत ओलावा शिरला आहे. फोटो काढा, तारीख दिसू द्या, आणि त्याच दिवशी तक्रार टाका.

वापरताना

पोहायला उतरण्यापूर्वी वॉटर लॉक लावा, नाहीतर पाण्याचे थेंबच स्क्रीन दाबत राहतात. पाण्यात असताना बटण दाबू नका. तलावातून किंवा समुद्रातून आल्यावर नळाच्या साध्या पाण्याने हलकेच धुवा. मीठ वाळलं की सीलवर आणि चार्जिंगच्या पिनांवर बसतं. पाठीमागची बारीक छिद्रं टाचणीने उकरू नका, त्यामागे वायुदाबाचा सेन्सर किंवा माइक असतो.

पाण्याने मेलेल्या घड्याळांइतकीच चार्जिंगमुळे मेलेली निघतात. घामट किंवा ओलं घड्याळ तसंच चुंबकी चार्जरवर टेकवलं की ओल्या पिनांतून वीज वाहते, धातू झिजतो आणि हिरवट बुरशीसारखा थर चढतो. काही महिन्यांत चार्जिंगच बंद. चार्जला लावण्याआधी पिना कोरड्या फडक्याने पुसून दहा मिनिटं पंख्याखाली ठेवा. पाणी आत गेलंच तर बंद करून ठेवा, चार्जरला लावू नका, तांदळात पुरू नका. तांदळाने आतली ओल निघत नाही, पीठ मात्र छिद्रांत जातं.

सील कायमची नसतात. घड्याळ जोरात पडलं, काच बदलली किंवा दोन-तीन वर्षं झाली की डब्यावरचा आकडा विसरा आणि ते पावसापुरतं वापरा.

वॉरंटीच्या अटी खरेदीआधी वाचा: बऱ्याच कंपन्या पाच एटीएम छापूनही पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. सर्व्हिस सेंटर बेळगावात आहे की कोल्हापूर-हुबळीला जावं लागेल, आणि घरून उचलून नेण्याची सोय तुमच्या पिनकोडला मिळते का, तेही बघा. ५९०००१ला मिळते म्हणून खानापूरच्या ५९१३०२ला मिळेलच असं नाही. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. त्यापुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे विकणारा कुठलाही असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्यासाठी बिल पक्कं हवं, त्यावर मॉडेलचं पूर्ण नाव आणि घड्याळाचा अनुक्रमांक लिहून घेतलेला हवा. पाण्याचा आकडा छापलेला डबाही रद्दीत घालू नका.